इराच्या खोलीतलं पाणी

आधीच सांगतो, माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि मोठे शब्द मला येत नाहीत. शाळा नववीतच सुटली. चूक दिसली तर तेवढी सुधारून वाचा. पण एसीचं काम मला येतं, आणि त्या दुपारी जे झालं ते मी काम करत असतानाच झालं.

मी कामासाठी परदेशात आलोय, तिथल्या क्लेमेंटी भागात अश्लेषाताईंचा फ्लॅट. त्यांच्या मुलीच्या, इराच्या खोलीतला एसी बघायचा होता. इरा सहा वर्षांची. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

"अंगात पाणी राहत नाही म्हणतात डॉक्टर," ताई म्हणाल्या. "दिवसभर पाजते मी. या खोलीत झोपली की सकाळी पुन्हा तेच. परवा सलाइन लावावं लागलं. एसी हवा फार कोरडी करतो का रे?"

"इथल्या हवेत टॉवेल वाळत नाही ताई, माणूस काय वाळणार."

एरवी बोलताना मी अडखळतो. कामाचं बोलताना नाही.

एसी हवेतलं पाणी ओढतो. ते आतल्या ट्रेमध्ये जमतं आणि पाइपमधून बाथरूमच्या जाळीवर पडतं. रात्रभरात अर्धी बादली तरी निघावी. इथे गार हवा छान येत होती, पण पाइपच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. कोरडं. पाइप तुंबला असेल तर पाणी भिंतीवरून ओघळायला हवं, पण भिंतही कोरडी. ट्रे कोरडा. पाइपचा उतार बरोबर. व्हॅक्युम लावून ओढलं, तर गाळाचा कणही आला नाही.

मग एकच उपाय. वरून ट्रेमध्ये पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने बाथरूममध्ये उभं राहून ते येतंय का सांगायचं. खालचा बोलला की वरच्याने ओ द्यायची, नाहीतर पाणी कुठेतरी भलतीकडे जातं. हा आमच्या कामाचा नियम. माझा जोडीदार सुबोध दुसरीकडे गेला होता, म्हणून बाथरूममध्ये ताई उभ्या राहिल्या. बाहेर आभाळ भरून आलं होतं. पडदे ओढलेले. खोलीत औषधांचा जुना, गोडसर वास होता.

मी शिडीवरून बाटली ओतली. पाइपमध्ये आवाज झाला. पाणी वाहिल्याचा नाही... कोणीतरी गिळल्याचा.

"नाही आलं," ताई म्हणाल्या.

दुसरी बाटली ओतली. पुन्हा तोच आवाज. घट्... घट्...

"अजून थोडं."

"देतो," मी म्हणालो.

तिसरी बाटलीही गेली.

"अजून... देशील?"

"देतो की. कितीही मागा."

तेवढ्यात मागे दार उघडलं. ताई फोन हातात घेऊन दारात उभ्या होत्या, शेजारी इरा.

"सॉरी रे, ऑफिसचा कॉल होता, हॉलमध्ये गेले होते. आलं का पाणी?"

मी बाथरूमकडे बघितलं. रिकामं.

"ताई... या खोलीत आधी कोण राहायचं?"

 उत्तर इराने दिलं, इथली मुलं बोलतात तसं शेवटी 'लाह' लावून.

"सरोजिनी आजी. शी ऑलवेज थर्स्टी, लाह. माझी बॉटल पण तीच पिते."

"इरा, गप्प." मग ताई भिंतीला टेकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या सासूबाई. हार्टचं दुखणं होतं. दिवसाला एक लिटरच्या वर पाणी नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. मीच मोजून द्यायचे. शेवटच्या दिवशी मागत होत्या... लिटर संपलं होतं. माझा नवरा, वरुण, ऑफिसात. मी म्हटलं, आई, उद्या."



मला भीती वाटत होती, तरी मी खाली उतरलो आणि शिडी धरली. "तुम्ही द्या, ताई. मोजू नका."

त्या स्वयंपाकघरातून तांब्या भरून आल्या. वर चढल्या. ओतताना म्हणाल्या, "घ्या आई. पोटभर घ्या." तांब्या संपला, त्यांनी पुन्हा भरून आणला. गिळण्याचा आवाज हळूहळू मंद झाला... आणि थांबला.

"मम्मा, कमिंग! सो मच वॉटर!" तोवर बाथरूममध्ये जाऊन उभी राहिलेली इरा ओरडली.

जाळीवर स्वच्छ पाणी पडत होतं. सगळं परत आल्यासारखं, कितीतरी वेळ. इराने तिथेच आपली बाटली तोंडाला लावली आणि अर्धी संपवली. ताई शिडीवरच रडत बसल्या. मी हत्यारं पुसून बॅगेत भरली.

रात्री ताईंचा मेसेज आला. इरा शांत झोपली होती, ओठ ओले होते. मला बरं वाटलं. काम झालं होतं. दिवा मालवल्यावर मात्र माझ्या आईचं एक सांगणं आठवलं. कोणी दिसत नसताना हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, काही कबूल तर मुळीच करू नये. मी दोनदा ओ दिली होती. कितीही मागा, असंही म्हणालो होतो.

सकाळी जीभ टाळूला चिकटली होती. उशाची बाटली रात्री भरून ठेवलेली. झाकण घट्ट लावलेलं, आत थेंब नाही.

मी उठलो, बाटली नळाखाली धरली. काठोकाठ भरली तसा नळाकडे हात नेला, आणि मानेमागे कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "अजून थोडं."

मी ओ दिली नाही. नळ मात्र चालूच ठेवला.