मेण लागलेली फरशी

“हौ, पण फरशी गेली कुठं?” कुलदीपनं विचारलं.

वंदनाच्या हातात मेणबत्ती तशीच होती. नल्लकुंट्यातलं हे जुनं चर्च आता कॉलनीचं सभागृह होत होतं. वर कम्प्युटर क्लाससुद्धा! चर्चची माणसं उरली मूठभर. त्यांनी वास्तू कॉलनीच्या समितीला दिली ती एकाच अटीवर: भिंतीतल्या, मृतांची नावं कोरलेल्या फरश्या हलवायच्या नाहीत. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वंदनाची आजी, तारामतीबाई, आजोबांच्या फरशीच्या कडेवर मेणबत्ती चिकटवायची. यंदा तिथं कोरा गुलाबी रंग!

“पॉलिशला गेल्यात,” ठेकेदार हिम्मतराव महिनाभर हेच सांगत होते. समितीचे अध्यक्ष म्हणजे सोबतच्या मैत्रिणीचे, प्रियदर्शिनीचे, सख्खे काका केशवराव. ते म्हणाले, “दिवाळीची सुट्टी आहे, खेळा की! जमाना कुठं चाललाय, अन् तुम्ही दगड धरून बसलाय!”

प्रियदर्शिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण काकांसमोर बोलणार कोण? तिघं दाराकडे वळली. चपला काढायच्या जागी पाणी सांडलं होतं. नव्या फरश्या भिजून काळ्या पडलेल्या; एकीच्या कडेवर मात्र पाणी टिकेचना!

“तेल असेल,” कुलदीप म्हणाला.

वंदनानं नखानं खरवडलं. नखात मेण आलं.

“पहार आण!” प्रियदर्शिनी म्हणाली.

“नक्को! तुझे काका चामडी लोळवतील!”

“लोळवू देत!”

फरशी उचकटली. खाली तोंड करून बसवलेली! अक्षरांत सिमेंट गच्च. आजोबांच्या ‘दिगंबर’ नावातलं ‘दिगं’ तेवढं लागत होतं. पाठ गुळगुळीत दिसली, दगड फुकटचा, मग काय, बसवला! लाज म्हणून नाही मेल्यांना!

“आजी रोज विचारायला येते, फरशी आली का म्हणून,” वंदना म्हणाली. “इथंच चपला काढते.”

उद्घाटनाला ती फरशी पुन्हा भिंतीत होती. काकांनी तिघांना मंचावर बोलावून हार घातले. “अशी चौकस मुलं म्हणजे कॉलनीची शान!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

तारामतीबाई मात्र दारातच थबकल्या होत्या. घरूनच अनवाणी आलेल्या.

“या ना आजी, आत या!” काका माइकवरून म्हणाले.

“येते की. आधी सांगा, बाकीच्यांच्या फरश्या कुठं बसवल्यात? पाय कुठं ठेवू?”

काका हिम्मतरावांकडे बघू लागले, हिम्मतराव जमिनीकडे. हे त्या तिघांनाही सुचलं नव्हतं! प्रियदर्शिनीनं गळ्यातला हार काढला. समोरच्या रांगेतल्या एका बाईनं हळूच पाय खुर्चीवर घेतले.