खदानीतली हाक

रविवारी सकाळी वीरण्णाने दुकानात शंभर फूट नायलॉनचा दोर मोजला, वेटोळं करून स्कूटरच्या पायदानावर ठेवला आणि तो खदानीकडे निघाला. दोर पोचवायचा आणि माघारी यायचं, एवढंच काम होतं. औशाच्या बाजारात त्याचं दोर-ताडपत्रीचं दुकान. पण गावात त्याची ओळख दुकानामुळे नव्हती. विहिरीत, तळ्यात, खदानीत कुणी बुडालं की पहिला निरोप त्याच्याकडे यायचा. छाती भरून श्वास घ्यायचा, तळ गाठायचा आणि माणूस वर आणायचा. पंचवीस वर्षांत सतरा जणांना त्याने असं घरी पोचवलं होतं. कधी चहाचेसुद्धा पैसे घेतले नव्हते.

हे सगळं मागच्या वर्षापर्यंत. मग गावातलाच रविकिरण अंदमानात डायव्हिंग शिकून परत आला. गिट्टीची खदान बारा वर्षांपासून बंद होती. शेवटच्या सुरुंगाने झरा फुटला आणि साठ फूट खोल खड्डा काठोकाठ भरला. रविकिरणने ती भाड्याने घेतली, हवेच्या टाक्या आणल्या, काळे रबरी पोशाख आणले. दर रविवारी लातूरची मंडळी पोरंबाळं घेऊन यायला लागली. लातूरच्या माणसाला एवढं पाणी एका जागी दिसलं की तो तासभर नुसता बघत बसतो. रविकिरण तर त्यांना पाण्याच्या पोटात नेऊन आणत होता.

मागच्या उन्हाळ्यात एक कॉलेजचा पोरगा खदानीत बुडाला, तेव्हा लोकांनी रविकिरणला बोलावलं. वीस मिनिटांत त्याने पोराला वर आणलं. वीरण्णा काठावर दोर धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात रविकिरणचा फोटो आला आणि वीरण्णाच्या पोरीने, सृष्टीने, तो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला.

खोटं कशाला बोला, त्या दिवशी वीरण्णाला जेवण गेलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते त्याला पहिल्यांदा कळलं. सृष्टी पाच वर्षांची असताना तिच्या पाठीवर तेलाचा रिकामा डबा बांधून त्यानेच तिला विहिरीत उतरवलं होतं. आता बारावी झाली होती आणि उठता-बसता तिच्या तोंडी 'सर' होते. सर चाळीस फुटांवर अर्धा तास राहतात. सर म्हणतात श्वास रोखून धरणं ही जुनी पद्धत झाली. वीरण्णा मान हलवायचा आणि आतल्या आत जळायचा.

खदानीवर पोचला तेव्हा अकरा वाजले होते. लग्नसराई होती, म्हणून लातूरचं कुणी आलं नव्हतं. काळ्या दगडाच्या भिंती, मध्ये हिरवं पाणी आणि ओल्या शेवाळाचा वास. सृष्टी काळा पोशाख घालून तयार होती.

"काका, जरा दोर धरता का?" रविकिरण म्हणाला. "आज सृष्टीला तीस फुटांवर नेऊन राहिलो."

"धरतो की," वीरण्णा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

रविकिरणने तिच्या टाकीचा पट्टा आवळला, तोंडातली नळी नीट बसवली. मग तिचा हात धरला. दोघं पाण्याखाली गेली, आणि जाताना सृष्टीने मागे वळून बापाकडे बघितलंसुद्धा नाही. बुडबुड्यांच्या दोन ओळी वर येत राहिल्या, जवळजवळ, एकमेकींना लागून.

वीरण्णाला ते बघवेना. त्याने दोर सोडला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "सृष्टी! ए सृष्टी! वर ये!"

ओरडला आणि तिथेच थिजला.

हे बुडालेलं माणूस काढायचं काम त्याला गावातल्या धोंडप्पाने शिकवलं होतं. म्हाताऱ्याने एकच गोष्ट शपथ घालून सांगितली होती. बुडून मेलेल्या माणसाला वर आणताना त्याचं नाव घ्यायचं, 'चल, घरी वाट बघायलेत' म्हणायचं. पण जितं माणूस पाण्यात असताना काठावरून त्याचं नाव घ्यायचं न्हाई. आपण पाण्यात नाव टाकतो, ते कुणाच्या हाती लागतं ते आपल्याला दिसत न्हाई. खाली ऐकणारं लई असतं. पंचवीस वर्षांत वीरण्णाने कुणाला ते करू दिलं नव्हतं. एकदा तर खाली उतरलेल्या भावाला हाक मारणाऱ्या एका माणसाच्या त्याने थोबाडीत दिली होती.

हाक खदानीच्या भिंतींवर आपटून परत यायला हवी होती. एरवी इथे साधा खोकलासुद्धा दोनदा ऐकू येतो. ही हाक परत आली नाही.

बुडबुड्यांच्या दोन ओळी होत्या, त्या तीन झाल्या. वीरण्णाने डोळे चोळून पुन्हा मोजल्या. तीन.

दहा मिनिटांनी दोघं वर आली. सृष्टीने डोळ्यांवरचा मास्क काढला, आणि पोरगी पाण्यातूनच ओरडली, "पप्पा! तुम्ही कसले भारी पोहता!"

"काय?"

"टाकी न्हाई, काही न्हाई... तीस फुटांवर! गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबीसुद्धा दिसत होती. माझा हात धरला तुम्ही, तर मला भीतीच वाटली न्हाई." तिने रविकिरणकडे वळून म्हटलं, "सर, तुम्हाला जमंल का असं?"

रविकिरण हसला, पण त्याच्या कपाळाला आठी पडली. "खाली गेल्यावर तिचा हात सोडून मी पुढं झालो होतो, मला दिसलं नाही. काका, खरंच आला होता?"

वीरण्णाच्या अंगावरचा सदरा कोरडा होता. बोलायला हवं होतं ते तेव्हाच. पण सृष्टी त्याच्याकडे बघत होती. पाच वर्षांची असताना विहिरीच्या पायरीवरून बघायची तशी, सगळं जग एका बापात मावल्यासारखी. असं तिने किती दिवसांत बघितलं नव्हतं.

"हाव," तो म्हणाला. "सदरा काढून ठिवला होता. मीच होतो."

त्या आठवड्यात घरात वीरण्णाचंच राज्य होतं. सृष्टीने आईला तीनदा ती गोष्ट सांगितली. मल्लम्माने कौतुकाने नवऱ्याच्या ताटात जास्तीची धपाटी वाढली. कपाटाच्या दारावरचा फोटो कधी निघाला, ते कळलं नाही. आणि वीरण्णाला झोप येईना. आधी रविकिरणवर जळत होता, आता तो पाण्यातल्या त्या दुसऱ्यावर जळायला लागला. ज्याच्यामुळे पोरगी बापाला मान देत होती, तो बाप नव्हता. धपाटी त्याची, कौतुक त्याचं, पोरीची ती नजरही त्याचीच. आपण नुसते त्याच्या नावावर जेवून राहिलोय, असं वीरण्णाला वाटायचं.

पोरीला जाऊ नको म्हणावं, तर ती विचारणार, का? शनिवारी संध्याकाळी त्याने ठरवलं. उद्या आपणच खाली जायचं. खरोखर जायचं. मग ते खोटं राहणार नाही.

रविवारी त्याने सदरा काढला, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, आणि दोघं खाली गेल्यावर एका श्वासात त्यांच्या मागे सूर मारला.

दहा फुटांपर्यंत ऊन होतं. वीस फुटांवर पाणी एकदम गार झालं आणि हिरव्याचं काळं झालं. कानात दाब यायला लागला. दूर पुढे रविकिरणची बॅटरी दिसत होती. अलीकडे सृष्टी. ती सावकाश पाय हलवत चालली होती आणि तिचा डावा हात बाजूला ताठ पसरलेला होता. बोटं मिटलेली. कुणाचा तरी हात घट्ट धरावा तशी. त्या बोटांच्या पलीकडे नुसतं पाणी होतं.

वीरण्णा जवळ गेला, तिच्या खांद्याला हात लावला.

सृष्टी वळली. काचेमागचे तिचे डोळे मोठे झाले. तिने वीरण्णाकडे बघितलं, मग डावीकडच्या रिकाम्या पाण्याकडे बघितलं, मग परत वीरण्णाकडे. आणि पोटची पोरगी त्याला बघून मागे सरली. त्या रिकाम्या जागेच्या आड लपली, लहानपणी कुत्रं भुंकलं की त्याच्या धोतराआड लपायची तशी.

वीरण्णाचा श्वास संपला. तो धडपडत वर निघाला. निम्म्यात हातपाय चालेनात, तेव्हा खालून त्याच्या तळपायाला कुणीतरी तळहात लावला आणि त्याला अलगद वर ढकललं. मायेने, घाई न करता. पाण्यातून बाहेर घालवून द्यावं तसं.

काठावर तो किती वेळ पालथा पडला होता कुणास ठाऊक. दोघं वर आली तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. रविकिरणने त्याला बसतं केलं.

"काका, या वयात कशाला हे? काही झालं असतं तर?"

सृष्टी दोन पावलांवर उभी राहिली. जवळ आली नाही.

"पप्पा... खाली अजून कुणीतरी होतं."

"कोण?"

"तुमच्यासारखंच. पण घाबरलेलं. तोंड वेडंवाकडं झालेलं. मला ओढायला आलं होतं." ती थांबली. "तुम्ही मला पाठीशी घातलं म्हणून..."

सगळं सांगून टाकायची ही शेवटची वेळ होती. वीरण्णाला ते लख्ख कळत होतं. बाई, ते वेडंवाकडं तोंड माझं होतं. तुझा हात धरतो तो मी नव्हे. एवढं म्हणायचं आणि पोरीला घरी न्यायचं. पण शेजारी रविकिरण त्याचं रक्त पुसत उभा होता. याच्यासमोर म्हणायचं, की मागच्या रविवारी मी तीस फूट गेलोच नव्हतो? की मी खोटं बोललो, आणि आज पोहताना मला धाप लागली? मत्सर माणसाला काय करायला लावतो याचा हिशेब नाही. पोरीचा जीव एका बाजूला आणि रविकिरणचं हसू दुसऱ्या बाजूला, आणि वीरण्णा गप्प बसला.

सृष्टी त्याच्याकडे निरखून बघत होती.

"पप्पा, एक सांगता? खाली तुम्ही मला काय म्हणालात?"

"पाण्यात बोलता येत नाही, सृष्टी," रविकिरण म्हणाला.

"पप्पांना येतं. सांगा ना पप्पा. काय म्हणालात?"

काहीतरी म्हणायला हवं होतं... 'भिऊ नको'? 'मी हाय'? चुकलं तर ती ओळखेल. मग ती कुणाकडे जाईल?

सृष्टी वाट बघत होती. मग तिने मान किंचित तिरकी केली, ऐकताना करतात तशी. तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू विरली आणि ती हसली. पाण्याकडे पाठ करून उभी होती, बघत बापाकडेच होती, पण डोळे त्याच्या तोंडावर नव्हते.

"बरोबर," ती म्हणाली. "हेच म्हणालात."

वीरण्णाने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"सर," तिने पाठीवरची टाकी सोडवून रविकिरणच्या हातात दिली, "पुढच्या रविवारी मला ही नको. पप्पा म्हणतात, लागणार न्हाई."