पंपाचं सोडून

निघायच्या आदल्या दिवशी दोघं सायकली घेऊन दुकानात गेले. ब्रेक आवळायचे, साखळीला तेल द्यायचं, एवढंच काम होतं. दुकानदार म्हाताऱ्याने मास्तरच्या सायकलचं मागचं चाक गरगर फिरवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"टायर गेलाय याचा. बदलून टाका."

"पाच दिवस निघतील की हो," मास्तर म्हणाला.

"निघतील. हळू गेलात तर."

"हळू जाण्यात याचा हात कोणी धरणार नाही," लंबू म्हणाला, आणि तिघंही हसले.

लंबू आणि मास्तर तीन वर्षं हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहत होते. लंबू काटक, कॉलेजच्या सायकल शर्यतीत पहिला येणारा. मास्तर नावाप्रमाणेच, दिसेल ती गोष्ट समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. खरं तर या सहलीला लंबूबरोबर शर्यतीतले दोघं यायचे होते. त्यांनी ऐनवेळी टांग दिली. तेव्हा शेजारच्या खाटेवरून मास्तर म्हणाला, "मी येतो की." तोंडावर नाही म्हणणं लंबूच्या जिवावर आलं. मास्तर एकुलता एक. त्याच्या आईने, काकूंनी, परवानगी दिली ती एवढंच बोलून, "तू बरोबर आहेस म्हणून पाठवते हो."

पाच दिवसांचा किनाऱ्याकिनाऱ्याचा रस्ता. समुद्र सतत उजव्या हाताला. पहिल्याच दिवशी मास्तरने दीपगृह दिसलं म्हणून सायकल थांबवली, मग खडकातले थर दिसले म्हणून थांबवली. "दोन मिनिटं थांब रे, हे बघ तर." त्याच्या दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. संध्याकाळी तंबू ठोकताना दोरीची गाठ अशीच का मारायची, यावर व्याख्यान. दुसऱ्या दिवशी दोन पंक्चर झाली. 'पाच दिवसांत पुरा करून दाखवतो' असं लंबू त्या टांग देणाऱ्यांना सांगून आला होता. मास्तर आता त्याच्या डोक्यात जायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कड्यावरच्या अरुंद रस्त्यावर, तेच मागचं चाक पुन्हा बसलं.

"मी पुढे होतो," लंबू म्हणाला. "तंबूची जागा धरतो. तू ये सावकाश."

मास्तर उकिडवा बसून टायर सोडवत होता. त्याने मान वर न करताच म्हटलं, "बरं. पंप तरी ठेव."

पंप एकच होता, लंबूच्या सायकलच्या दांडीला पट्ट्याने बांधलेला. लंबूने ते वाक्य ऐकलं. दहा पावलांवरून, स्वच्छ ऐकलं. पण आता थांबायचं, उतरायचं, पट्टा सोडायचा, वर हवा किती भरावी याचंही प्रवचन ऐकायचं… त्याने पॅडलवर जोर दिला. वारा होता. ऐकू आलं नाही, असं नंतर म्हणता आलं असतं. मागून एकदा हाक आली. मग उतार लागला.

किनाऱ्यावर पोचून त्याने मनसोक्त पोहून घेतलं, तासभर झोप काढली. उन्हं कलली तेव्हा मात्र त्याला अस्वस्थ वाटू लागलं. परत जाऊन पाहावं म्हणून तो दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला. दिवस मावळायच्या बेतात असताना मास्तर आला. सायकलवर बसूनच आला. मागचं चाक टणक फुगलेलं होतं. अंगावरचे कपडे मात्र निथळत होते.

"पोहलास वाटतं?" लंबूने विचारलं.

"हं."

'पंक्चरचं काय केलंस?' हा प्रश्न लंबूच्या अगदी ओठावर आला होता. तो त्याने गिळला. पंक्चरचं काढलं असतं तर पंपाचंही निघालं असतं.

मास्तर काही खायला नको म्हणाला. तंबूच्या कापडाकडे तोंड करून पडून राहिला. गाठीबद्दल अवाक्षर काढलं नाही त्याने. आत साचलेल्या पाण्याचा, कुजक्या शेवाळाचा वास भरून राहिला होता. रुसलाय, लंबूने स्वतःला समजावलं. दोन दिवसांत येईल ताळ्यावर.

चौथा दिवस लंबूला हवा होता तसा गेला, आणि त्यातच सगळं आलं. मास्तर कुठे थांबला नाही. चढावर धापा टाकल्या नाहीत. लंबू जोर मारायचा तरी तो बरोबर चार हात मागे. लंबूला चक्क बरं वाटलं. असा सोबती हवा होता, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. फक्त मागून एक आवाज यायचा, फतक… फतक… हवा गेलेलं चाक डांबरावर आपटावं तसा. वळून पाहिलं की चाक टणक आणि मास्तर समुद्राकडे न बघता, सरळ लंबूच्या पाठीकडे बघत असलेला.

दुपारी ते एका चहाच्या टपरीवर थांबले. मास्तर बाहेर उन्हातच उभा राहिला. टपरीवाल्या बाईने लंबूपुढे चहा ठेवला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली.

"तुमच्या दोस्ताला टॉवेल देऊ का?" ती हळूच म्हणाली.

"कशाला?"

"मघापासून बघतेय. एवढ्या उन्हात उभाय, पण… वाळतच नाहीये तो."

लंबूने चहा अर्धा टाकला आणि उठला.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. मास्तरचा फोन कालपासून लागत नव्हता. "दे बरं त्याला जरा," त्या म्हणाल्या. लंबूने हात लांब करून फोन पुढे केला. मास्तरने तो घेतला आणि पाण्याच्या कडेने चालत लांब गेला. वाऱ्यावर त्याचं हळू हळू बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने तो परत आला. फोन बर्फासारखा गार झाला होता.

"काय बोललास?" लंबूने विचारलं.

"सगळं."

"सगळं म्हणजे…?"

"पंपाचं सोडून," मास्तर म्हणाला. "ते तू सांग."

आता विचारायला हवं होतं. लंबूला कळत होतं. पण न विचारता राहिलं तर अजून काहीच घडलेलं नव्हतं. तो गप्प पडून राहिला, आणि पहाट झाल्याबरोबर निघाला.

पाचव्या दिवशी दुपारी ते शेवटच्या गावी पोचले. सायकली रेल्वेने परत पाठवायच्या होत्या. पार्सलच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने विचारलं, "किती सायकली?"

"दोन."

कारकुनाने मान बाहेर काढली. "दुसरी कुठाय?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे हवालदार होता. त्याने मास्तरचं पूर्ण नाव सांगितलं. "तुमचा नंबर त्यांच्या आईंनी दिला. त्या म्हणतात, मुलगा तुमच्याबरोबर आहे."

"आहे."

हवालदार म्हणाला, "नीट बघून सांगा."

लंबूने वळून पाहिलं. मागे उन्हात लांबच लांब रिकामा फलाट होता.

कड्यावरच्या वळणावर कठडा मोडलेला होता. त्याच्याखाली, खडकांच्या कपारीत, ओहोटीच्या वेळी मासेमारांना मास्तर सापडला होता. खिशात कॉलेजचं ओळखपत्र होतं. परवा दुपारीच गेला, डॉक्टर म्हणाले. सायकल हाताने ढकलत नेत असावा. मागच्या चाकात हवाच नव्हती.

सगळं आटोपल्यावर लंबू काकूंच्या घरी गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या माणसांनी भरल्या होत्या. जिन्यावरही शेजारी दाटीवाटीने उभे होते. लंबूने पाठ केलेलं सांगितलं: पंक्चर झालं, मी मदत आणायला पुढे गेलो, चुकामूक झाली.

"आणि चौथ्या दिवशीचा फोन?" मास्तरचे मामा पुढे आले. "बावीस मिनिटं, तुझ्या फोनवर. कोण बोललं? तू नक्कल केलीस त्याची?" त्यांनी लंबूची कॉलर धरली. "म्हणजे तुला तेव्हा माहीत होतं, तो गेलाय ते!"



"सोड त्याला," काकू म्हणाल्या. "माझ्या लेकाचा आवाज मी ओळखते."

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. लंबूच्या समोर येऊन बसल्या. डोळे कोरडे होते.

"तो म्हणाला, एक गोष्ट राहिलीय, ती लंबू सांगेल. कुठली रे?"

सांगून टाकलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. लंबूने त्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं. 'तू बरोबर आहेस म्हणून.'

"काही नाही, काकू," तो म्हणाला. "पुस्तकांचं असेल. माझ्याकडे त्याची दोन पुस्तकं आहेत. आणून देतो."

काकूंनी मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं.

"तो म्हणालाच होता," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा विचारलं तर नाहीच सांगणार म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. थांबेन म्हणाला."

लंबू उठला. चपला कशाबशा पायात सरकवल्या आणि दाराबाहेर पडला. जिन्यावरचे शेजारी त्याला वाट द्यायला अंग चोरून भिंतीला चिकटले. तो मान खाली घालून त्यांच्यामधून उतरला. खालच्या वळणावर त्याने सहज वर पाहिलं. तो कधीच पुढे निघून आला होता, तरी ती माणसं अजून तशीच भिंतीला चिकटून उभी होती, मागून येणाऱ्याला वाट देत.