विसण

कोठ्या बसवणाऱ्या फरहीनने न्हाणीघरामागे मीठकोठी जोडली, तेव्हा उत्तराचे बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. चिखलदऱ्यात अशा कोठ्या आता घरोघरी दिसायच्या. दिवसा छपरावरच्या उन्हाने आतलं मीठ वितळायचं आणि रात्री गोठता गोठता तीच ऊब फरशीला, नळाला परत द्यायचं. एवढ्या मोठ्या दगडी बंगल्यालाही ती पुरणार होती. ठरवायचं राहिलं होतं ते एवढंच, की कोठीला मेंदू कोणता बसवायचा.

"ऐकणारा मेंदू तुम्ही सांगाल तेवढंच तापवतो, काका," फरहीन म्हणाली. "जाणता मेंदू तुमची कातडी वाचतो आणि स्वतः ठरवतो. प्रसंगी तुमचं ऐकतही नाही."

"तशी एक मुलगी आहे मला. ऐकणारा बसव."

उत्तरा हसली नाही. आई गेल्यापासूनचा हा पहिला हिवाळा. बाबांना इथे एकटं ठेवायचं, की बंगल्याला कुलूप लावून नागपूरला न्यायचं, हे ठरवायला ती आली होती. बाबांची अट होती, घर उबदार झालं की नागपूरचं नाव काढायचं नाही.

"आत्ता ऐकणारा चालू आहे," फरहीनने बादलीत नळ सोडला. "हात घाला. पुरे वाटलं की सांगा."

बाबांनी हात घातला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"वाढव."

पाण्यावर वाफ धरू लागली.

"काका, वाफ येतेय."

"थंडीत येतेच. वाढव, कोमट आहे अजून."

नळावरचा हिरवा दिवा तांबडा झाला. उत्तराने पुढे होऊन बाबांचा हात ओढला. तिच्या बोटांना चटका बसला. बाबांचा हात मनगटापर्यंत लाल झाला होता आणि ते त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे पाहत होते.

फरहीनने गार पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं. हात त्यात बुडवून धरत उत्तराने विचारलं, "कधीपासून?"

"साखरेच्या आजारानं आधी पायांची जाणीव गेली. मग हातांची."

"आईला माहीत होतं?"

"तीच कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालायची. हातानं ढवळून म्हणायची, आता घ्या."

"आणि ती गेल्यापासून?"

"गार पाण्यानं अंघोळ करतो. गारात चूक होत नाही."

या थंडीत. सकाळी चहाच्या कपावर त्यांचे दात वाजायचे, ते उत्तराने पाहिलं होतं. तिला ते दुःख वाटलं होतं.

"जाणता बसव," ती फरहीनला म्हणाली.

"म्हणजे मला विचारणं संपलं," बाबा म्हणाले.

फरहीन क्षणभर घुटमळली, मग तिने मेंदू बदलला. "त्याला एकदा शिकवावं लागतं, ताई. कोणाच्या तरी हातानं."

उत्तराने बाही सरसावली. तांब्याने बादलीत गार पाणी घालत, तळापासून ढवळत राहिली. आईचं 'आता' नेमकं कुठे यायचं, तिला ठाऊक नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

"आता," ती अंदाजाने म्हणाली.

बाबांनी चटकन वर पाहिलं. दिवा हिरवा झाला.

"झालं," फरहीन म्हणाली. "काकांना रोज हेच पाणी मिळेल. ताई इथे असोत, नसोत."

फरशी हळूहळू तापू लागली होती.

"मग," बाबांनी विचारलं, "तू कधी निघतेस?"

उत्तराचा हात अजून पाण्यातच होता.