व्हॉल्व्हसमोर नाव

दाराची घंटी वाजली तेव्हा मी सायकलच्या एका हट्टी चाकाशी झटापट करत होते आणि माझ्या नाकावर ग्रीसचा ठिपका होता. मला त्याचा पत्ता नव्हता. आत आलेल्याला मात्र होता, कारण तो माझ्या डोळ्यांकडे न बघता थेट नाकाकडे बघत होता.

"टायर हवेत," तो म्हणाला. "डोंगरातल्या पायवाटेसाठी. पुढे-मागे एकसारखे, सगळ्यांत दणकट असतील ते. आणि हवा अगदी टम्म भरून द्या."

एका दमात इतक्या चुका करणारं गिऱ्हाईक भेटलं की माझी कळीच खुलते. त्याला स्टुलावर बसवलं आणि शिकवणी सुरू केली. कुठं वळायचं ते पुढचं चाक ठरवतं, म्हणून पुढच्या टायरला मोठे दाते आणि मऊ रबर. ओल्या मुळांवर तेच चिकटून राहतं. मागचा आपला मुकाट मागून येतो. त्याला मध्ये बुटके दातेच बरे, नाहीतर चढावर पायांचे तुकडे पडतात. आणि टम्म हवा तर विसराच. प्रत्येक दगड उडवून लावेल. हवा जरा कमी ठेवली की टायर दगडावर नीट बसतो आणि पकड घेतो.

"म्हणजे फार ताठ राहिलं की घसरायला होतं," तो म्हणाला.

"मी टायरबद्दल बोलतेय."

"मीसुद्धा." हसताना त्याचा एकच डोळा बारीक झाला. मग त्याने स्वतःच्या नाकावर बोट ठेवून मला खूण केली, आणि मी पुसायला गेले ती ग्रीस गालभर फासून बसले.

दुकान माझ्या आत्याचं. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून तिच्या हाताखाली शिकले. तिची एक शिस्त आहे: टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर हवा भरायच्या व्हॉल्व्हसमोर आलं पाहिजे. चालवणाऱ्याला त्यानं काडीचा फरक पडत नाही, बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. पण धंद्यातल्या माणसाच्या हातात ते मुरलेलं असतं. तेवढं चुकलं तर हात इथे आणि मन भलतीकडे, असं आत्या म्हणते. माझं आजवर कधी चुकलं नव्हतं.

तो परत आला. कडेचे दाते कशासाठी असतात, ते विचारायला. मग मऊ रबर लवकर झिजतं का, ते विचारायला. मग भुरभुर पावसात भिजत, पाऊस असला तर काय करायचं, ते विचारायला. आत्याने त्याचं नाव शंकाराव ठेवलं. मी उत्तरं द्यायचे, तो ऐकायचा... आणि ऐकताना असा बघायचा की बोलता बोलता माझा पाना हातातून सुटायचा. हल्ली दुपार झाली की मी आधी आरशात नाक तपासायचे. आवडला होता मला. उगाच आढेवेढे कशाला?

काळजी वेगळीच होती. मोठ्या चौकात काचेचं झगझगीत नवं दुकान उघडलं होतं. त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून आमच्याकडे भाव काढायला यायची. आत्याने एकाला रंगेहाथ पकडलंही होतं. आमचे जुने लोक एकेक करून तिकडे वळायला लागले होते आणि आत्या, जिला मी कधी दमलेली पाहिली नाही, ती आता दार उघडताना मोठा श्वास घ्यायची.

अशात एक दिवस शंकाराव पुढचं चाक खांद्याला अडकवून आला. "घरी बसवला टायर. काहीतरी चुकलंय वाटतं."

चुकलं होतंच. टायरच्या कडेला बाण असतो, चाक कुठल्या दिशेने फिरायचं ते सांगणारा. त्याचा बाण चक्क उलटा. मी हसणार, तेवढ्यात माझी नजर खाली गेली. नाव व्हॉल्व्हसमोर होतं. केसभरही इकडे-तिकडे नाही.

मी हसू आवरलं.

"बाण उलटा, पण नाव जागच्या जागी," मी म्हटलं. "नवख्याची चूक अशी नसते. तुम्ही कुठे काम करता?"

त्याने चाक खाली ठेवलं. "चौकातल्या नव्या दुकानात. मेकॅनिक आहे."

"म्हणजे भाव काढायला यायचात."

"पहिल्या दिवशी, हो. मालकांनी बघायला पाठवलं होतं. नंतरही मी बघायलाच आलो... पण दुकान नाही." त्याचे कान लाल झाले होते. "मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, ती पोरगी टायर विकत नाही, माणसाला टायर समजावते, आपल्याला ते जमणार नाही. इथला एकही भाव मी तिकडे सांगितलेला नाही."

"मग बाण उलटा कशाला?"

"विचारायला शंका उरली नव्हती."

राग आला होता मला. आणि त्या रागाच्या आत मी आनंदाने उड्या मारत होते, तेही खरं. पण आत्याचा मोठा श्वास मला आठवत होता. मी म्हटलं, हे सगळं जसंच्या तसं तिला सांगा, मग बघू.

त्याने सांगितलं. समोर उभं राहून, मान खाली न घालता. आत्या एवढंच म्हणाली, "आधी तो टायर सरळ कर."

टायर उचकटायची पट्टी न लावता, नुसत्या अंगठ्यांनी त्याने टायर काढला, फिरवला, बसवला, हवा भरली. नाव पुन्हा व्हॉल्व्हसमोर. आत्याची मान नकळत हलली. मग तो माझ्यासमोर खांबासारखा ताठ उभा राहिला. "रविवारी पायवाटेवर... म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर... नसेल तरी—"

मी वाकून व्हॉल्व्ह दाबला. फुस्स करून थोडी हवा गेली. "इतकं ताठ उभं राहिलात तर घसराल. पुन्हा विचारा."

त्याचा एक डोळा बारीक झाला. "येशील?"

रविवारी ओल्या मुळांच्या उतारावरून मी पुढे सुटले आणि तो बरोबर माझ्या मागे राहिला, कुठे पुढे घुसायची घाई नाही. खाली पोचलो तेव्हा दोघेही चिखलाने माखलेले. मी श्वास घेतला आणि म्हटलं, "मला तू आवडतोस. काही शंका?"

"एकही नाही," शंकाराव म्हणाला, आणि माझ्या नाकावरचा चिखल बोटाने पुसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी एका गिऱ्हाइकाचा टायर बसवून चाक आत्यापुढे धरलं. तिने चष्मा वर केला. नाव एकीकडे, व्हॉल्व्ह वीतभर लांब.

"संध्याकाळी त्याला जेवायला बोलाव," ती म्हणाली.

मी टायर काढून परत बसवला. दुसऱ्यांदाही चुकला.