हाकेची नक्कल

रविवारी जेवणं उरकल्यावर जागृती पिशवी घेऊन निघाली. "भावजी, बोईसरला जाऊन येते. रूपल झोपली हाय, लक्ष ठेवा." विपुलने मान हलवली. आपली पाठ वळली की दीर पत्ते काढणार, हे तिला ठाऊक होतं. पण मेलेल्या भावाच्या आठवणीत कोणी दोन घटका काढल्या, तर त्याला बोलायचं तरी काय?

दिपेशला जाऊन सहा महिने झाले होते. केमिकल कंपनीतल्या पाळीवरून येताना तारापूरच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. मागे राहिली जागृती, सहा वर्षांची रूपल आणि मंत्रांच्या पत्त्यांचा एक डबा. सालवडच्या या खोलीत दोघे भाऊ दर रविवारी हाच खेळ मांडत. पत्त्यांवरची इंग्रजी नावं सोडून त्यांनी प्रत्येकाला घरचं नाव दिलं होतं. आता विपुल दोन्ही बाजू एकटाच खेळायचा. दिसायला वेडेपणाच, पण जिवाला बरं वाटायचं.

खेळाची रीत अशी, की मंत्र टाकला की समोरच्याला उत्तर द्यायची संधी द्यायची. उत्तर नसेल तर त्याने पत्ते मांडलेल्या पाटावर दोनदा टकटक करायची. दोघांचीही टकटक झाली की पडलेले सगळे मंत्र लागू, आणि शेवटी पडलेला सगळ्यात आधी.

त्या दुपारी विपुलच्या हाती 'हाक' आली. एकाचं नाव घे, तो कुठेही असो, तुझ्या बाजूला येईल. एरवी तो पत्त्यांतल्या एखाद्या योद्ध्याचं नाव घ्यायचा. आज तोंडून निघालं, "दिपेश."

समोरच्या बाजूची टकटक करायला त्याने हात उचलला आणि तो तसाच राहिला. दिपेशच्या बाजूचा एक पत्ता उघडा पडला होता. 'पडसाद'. आलेल्या मंत्राची नक्कल कर, हवं तर नकलेला नवं नाव दे.

पंख्याने उलटला असेल, असं त्याने मनाला समजावलं. पण खिडक्या बंद असूनही खोलीत केमिकलचा उग्र वास भरत चालला होता. पाळीवरून आल्यावर दिपेशच्या शर्टाला यायचा तोच. मग गादीवरून झोपाळलेला आवाज आला.

"काका... पप्पांनी माझं नाव घेतलं..."

विपुलची पाचावर धारण बसली. हातात 'अडसर' होता, मंत्र रद्द करणारा पत्ता. पण त्यावरूनच दोघे एकदा तासभर भांडले होते आणि दिपेशचं खरं निघालं होतं. "अरे, अडसर हातातून टाकलेल्या मंत्राला लागतो. नक्कल कोण हातातून टाकतो? आणि मूळ मंत्र अडवला तरी नक्कल काय जात नाय."

नक्कल दिपेशची होती. रूपल दिपेशच्या बाजूला जाणार होती, आणि तेही तो इकडे यायच्या आधी.

समोरून टकटक झाली.

आता फक्त विपुलची बाकी होती. ती होईपर्यंत काहीच घडणार नव्हतं. त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्याने रूपलचा हात ओढून मुठीत घेतला.

"दादा... लहान हाय रे ती... नको नेऊ..."

स्वतःची हाक तरी त्याला अजून अडवता आली असती. पण सहा महिन्यांनी भाऊ येणार होता. 'अडसर' टाकायचं त्याच्या जिवावर आलं, आणि या गोष्टीची त्याला तिथल्या तिथे लाज वाटली.

दिवस कलला. केव्हातरी जिन्यात जागृतीच्या चपला वाजल्या आणि विपुलचा जीव भांड्यात पडला. पोर आईच्या हवाली करायची, पत्ते जाळून टाकायचे.

रूपल पाटाकडे एकटक बघत होती. "काका, तू विसरला. पप्पा कधीचे थांबलेत." रविवारी काकाच्या वतीने टकटक तीच करायची. विपुल "नको..." म्हणेपर्यंत तिने मोकळ्या हाताने पाटावर दोनदा टकटक केली.

त्याने डोळे गच्च मिटले, मूठ सोडली नाही. मुठीतला चिमुकला हात नाहीसा झाला. क्षणभर मूठ रिकामी होती. मग त्याच्या बोटांत एक रुंद, खरखरीत पंजा आला आणि त्याने विपुलचा हात घट्ट धरला.

बाहेर जागृती कडी वाजवत होती.

"रूपल, दार उघड गं. बघ तुला काय आणलंय."