बेचाळिसावं पान

"अरे, आत कुणीतरी गोण्यांत पुस्तकं कोंबतंय!" खिडकीच्या गजांना लोंबकळत ढोल्या ओरडला.

"हळू बोल ना, बोंबल्या!" चष्मीनं त्याचा पाय ओढला.

सुट्टीचे दोनच दिवस उरले होते. ढोल्या, चष्मी आणि चिमणी आता मोठ्या शाळेत पाचवीला जाणार, म्हणून त्या शाळेभोवती रोज घिरट्या चालल्या होत्या. या शाळेची एक रीत होती. पाचवीतली मुलं वर्षभर एकेका गोष्टीच्या पुस्तकात, समासात पेन्सिलीनं लिहीत. 'हा शब्द अवघड आहे, खुशाल सोडून दे.' 'इथे हसू येतं.' सहावीत गेली की तेच पुस्तक घेऊन नव्या पोराशेजारी बसत आणि आठ दिवस दोघं मिळून वाचत. मग नवखं पोर बुजत नसे.

चिमणीचा दादा तिच्यासाठीच लिहीत होता. थंडीत तो तापाचं निमित्त होऊन गेला. पुस्तक शाळेतच राहिलं. घरी त्याचं नाव निघालं की आई उठून आत जायची, म्हणून चिमणीही नाव काढत नसे.

"कारकूनकाका, ही पुस्तकं कुठे नेताय?" तिनं दारातून विचारलं.

"रद्दीत! पोरांनी लिहून लिहून पार वाट लावलीय. कोरी तेवढी ठेवली. आत्ता टेम्पो येईल." काका आठवड्यापूर्वीच रुजू झाले होते. रीत त्यांना ठाऊक नव्हती, आणि विचारायची सवयही नव्हती.

"पण माझ्या दादाचं…"

"दादा नाही नि बिदा नाही! पळा!"

चिमणीचा चेहरा एवढासा झाला. चष्मी मुख्याध्यापिकाबाईंच्या घराकडे धूम पळाली. ढोल्या मात्र साळसूदपणे म्हणाला, "काका, आम्ही भरतो गोण्या. तुम्ही चहा घेऊन या."

"गुणाची पोरं!" म्हणत काका गेलेसुद्धा!

मग काय! पुस्तकं बाकांखाली आणि कोपऱ्यातली जुनी वर्तमानपत्रं गोण्यांत! ढोल्यानं गोण्यांवर बसून ती दाबली. त्याच्या वजनाचं चीज झालं ते त्या दिवशी. टेम्पो वर्तमानपत्रं घेऊन गेला, आणि काका नि बाई एकदमच दारात आले.

बाकांखालचा ढीग पाहून बाई मटकन खुर्चीत बसल्या. "शाब्बास रे पोरांनो! शाळेचा जीव वाचवलात!"

सगळं कळल्यावर काका खाली बसले. त्यांनी एकेक पुस्तक उघडलं आणि दादाचं नाव असलेलं चिमणीच्या हातात दिलं.

'चिमणे, हे पान मोठ्यानं वाच. कुणी हसलं तर मला सांग.' पान उलटलं. 'इथे मी रडलो होतो. घरी सांगू नकोस.' एक्केचाळिसाव्या पानावर होतं, 'आज डोकं दुखतंय. बाकीचं उद्या.'

पुढचे सगळे समास कोरे होते.

चिमणी हुंदके देऊन रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. कुणी तिला गप्प केलं नाही.

"आठ दिवस मी बसतो तिच्या शेजारी," काका हळूच म्हणाले.

बाईंनी पेन्सिल पुढे केली. "उरलेलं तू लिही. पुढच्या वर्षी येणाऱ्यासाठी."

चिमणीनं डोळे पुसले आणि बेचाळिसाव्या पानावर लिहिलं, 'इथून पुढे दादा नाही. पण घाबरू नकोस, मी आहे.'